ओतकामानंतरची पायरी : ग्राइंडिंग

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून निघणारं ओतकाम सगळ्यांना माहीत आहे. पण ते बाहेर येतं खडबडीत. त्याला मापात आणतं ग्राइंडिंग, आणि या क्षेत्रातलं एक मराठी कुटुंब मला फार भावतं : ग्राइंडमास्टरचे केळकर. मिलिंद आणि मोहिनी केळकर यांनी १९८४ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ही कंपनी उभी केली. आता पुढची पिढीही त्यात आहे.

त्यांचं क्रँकशाफ्टचं मायक्रोफिनिशिंग समजून घ्याच. ग्राइंडिंगच्या चाकानं जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, गोल होतो, तरी पृष्ठभागावर बारीक शिखरं उरतात. तीच बेअरिंगमधला तेलाचा थर फोडतात. म्हणून अपघर्षक कणांची फिल्म जर्नलवर दाबून धरतात. शाफ्ट फिरतो, सोबत आडवी बारीक थरथर चालू असते. शिखरं तेवढी झडतात, माप जवळजवळ तेच राहतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इथं हिशोब त्याच्याही दशांशात चालतो. इंजिनाचं आयुष्य वाढतं ते इथं, असं माझं ठाम मत आहे.