मॅगट ब्रेन
मॅगट ब्रेन : अमेरिकेतील फंकाडेलिक या वाद्यवृंदाची १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेली दीर्घवादी ध्वनिमुद्रिका. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘अळ्यांचा मेंदू’ असा होतो. ‘फंक’ या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकाराच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान आहे. डिट्रॉइट येथील वेस्टबाउंड या कंपनीने ती काढली आणि २००५ मध्ये काही जादा ध्वनिमुद्रणांची भर घालून तिची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. या आवृत्तीमुळे मूळ ध्वनिमुद्रिका कशी सिद्ध झाली, यावर चांगला प्रकाश पडतो.

फंकचा उगम १९६० नंतरच्या दशकात सोल, ऱ्हिदम अँड ब्लूज आणि कृष्णवर्णीयांचे चर्चसंगीत यांच्या परंपरेतून झाला. जेम्स ब्राउन (१९३३–२००६) हा त्याचा प्रमुख प्रवर्तक मानला जातो. या संगीतात स्वरमेळांची विविधता कमी करून सर्व भर तालावर दिलेला असतो. बास गिटार, ड्रम, गिटार व भोंग्याची वाद्ये छोटे छोटे तालखंड परस्परांत गुंफतात आणि चार मात्रांपैकी पहिलीवर आघात करतात. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला येथे समेची आठवण होईल. तथापि समेकडे येताना कलावंत जो दीर्घ विस्तार करतो, त्याला फंकमध्ये फारसा वाव नाही. आवर्तन लहान असते व ते पुनःपुन्हा येते.

फंकाडेलिकचा सूत्रधार जॉर्ज क्लिंटन याचा जन्म २२ जुलै १९४१ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. न्यू जर्सी राज्यातील प्लेनफील्ड येथे केशकर्तनालयात काम करीत असताना त्याने ‘द पार्लमेंट्स’ हा गायकसमूह चालविला. १९६७ मध्ये या समूहाचे एक गीत लोकप्रिय झाले. पण लवकरच करारासंबंधीच्या वादामुळे समूहाचे नाव वापरणे अशक्य झाले. तेव्हा क्लिंटनने साथीच्या तरुण वादकांना पुढे केले व त्यांच्या ‘फंकाडेलिक’ या नावाने वेस्टबाउंडशी करार केला. ‘फंक’ व ‘सायकेडेलिक’ या दोन शब्दांचा हा जोड वाद्यवृंदाच्या संगीतालाही लागू पडतो. जिमी हेंड्रिक्सचे गिटारवादन आणि डिट्रॉइटमधील कर्कश रॉक या दोहोंचा त्यावर प्रभाव होता. १९७० मध्ये वाद्यवृंदाच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. मॅगट ब्रेन ही तिसरी असून तिचे ध्वनिमुद्रण डिट्रॉइटच्या युनायटेड साउंड या ध्वनिमुद्रणगृहात झाले.

ध्वनिमुद्रिकेची कीर्ती मुख्यतः शीर्षकरचनेवर आधारलेली आहे, आणि गमतीची गोष्ट अशी, की तिच्यात फंक जवळजवळ नाहीच. सु. दहा मिनिटांची ही रचना म्हणजे एडी हेझल (१९५०–९२) याचे प्रदीर्घ एकल गिटारवादन होय. आरंभी क्लिंटनचे काही बोल येतात. त्यानंतर दुसऱ्या एका गिटारवर सुट्या स्वरांची एक संथ, विलापी आकृती शेवटपर्यंत चालू राहते आणि तिच्यावर हेझलचे वादन उमलते. आपली आई वारली आहे अशी कल्पना करून वाजव, अशी सूचना हेझलला केल्याचे क्लिंटनने सांगितले आहे. ही हकीकत अनेकवार सांगितली गेली असून तिच्या तपशिलांत फरक आढळतो. वादन ऐकताना मात्र तिचा आधार घ्यावा लागत नाही. फझ व वा-वा या उपकरणांनी गिटारचा स्वर कधी खरखरीत, कधी मानवी कंठासारखा होतो. एखादी ओळ आक्रोशापर्यंत चढते व लगेच कुजबुजीवर येते. यात वेग दाखविण्याचा हव्यास नाही. हेझलच्या अंत्यविधीच्या वेळी हीच रचना वाजविण्यात आली.

या रचनेच्या घडणीत आणखी एक कृती तितकीच निर्णायक ठरली. बहुमार्गी ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य फितीवरील वेगळ्या मार्गावर नोंदविले जाते आणि नंतर सर्व मार्गांचे प्रमाण ठरवून अंतिम मिश्रण केले जाते. हेझलच्या वादनाच्या वेळी इतर वादकही साथ करीत होते. मिश्रण करताना क्लिंटनने त्यांचा आवाज जवळजवळ नाहीसा केला आणि हेझलच्या स्वरांना प्रतिध्वनीची जोड दिली. श्रोत्याला जाणवणारे एकाकीपण असे काही अंशी वगळण्यातून निर्माण झाले आहे.

उरलेल्या सहा रचना अगदी निराळ्या आहेत. ‘कॅन यू गेट टू दॅट’ हे चर्चगीताच्या वळणाचे समूहगीत पार्लमेंट्सच्या एका जुन्या गीतावरून बेतलेले असून त्यात प्रेमाला बँकेतील खात्याची उपमा दिली आहे. ‘हिट इट अँड क्विट इट’मध्ये बर्नी वॉरेल (१९४४–२०१६) याचे ऑर्गनवादन लक्षणीय आहे. ‘सुपर स्टुपिड’ हे मादक द्रव्यांच्या घातकतेविषयीचे गीत धडधडीत रॉक शैलीत आहे. ‘यू अँड युवर फोक्स, मी अँड माय फोक्स’ हे श्रीमंत-गरीब व वंश यांतील दुराव्याविषयी बोलते. १९६७ च्या दंगलीनंतरचे डिट्रॉइट व व्हिएटनाम युद्ध यांची छाया ध्वनिमुद्रिकेवर आहे. अखेरच्या ‘वॉर्स ऑफ आर्मगेडन’ या रचनेत गोंगाट, घोषणा व तालवाद्ये यांचा कल्लोळ होतो. वेष्टनावर जमिनीतून वर आलेले, किंचाळणारे एका कृष्णवर्णीय स्त्रीचे मस्तक असून मलपृष्ठावर त्या जागी कवटी दिसते.

प्रकाशनाच्या वेळी ध्वनिमुद्रिकेला बेताचेच यश लाभले. बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत ती १०८ व्या क्रमांकाच्या वर गेली नाही. कृष्णवर्णीय संगीताच्या स्वतंत्र यादीत मात्र तिने १४ वा क्रमांक गाठला. तिचा लौकिक पुढील पिढ्यांत वाढत गेला. तिच्यामागील वादकसंच मात्र टिकला नाही. बास गिटारवादक बिली नेल्सन पैशांच्या वादातून १९७१ मध्येच बाहेर पडला.

२००५ च्या आवृत्तीतील सर्वांत मोलाची भर म्हणजे शीर्षकरचनेचे पर्यायी मिश्रण. त्यात ड्रम, बास व कळफलकवाद्य स्पष्ट ऐकू येतात. हेझलचे वादन तेच आहे, परंतु परिणाम बदलतो : शोकाचे स्वगत उरत नाही, एका उत्तम वाद्यवृंदाची संथ रचना तेवढी ऐकू येते. दबलेले वादक ऐकू येतात म्हणून हेच ‘खरे’ रूप, असे काही श्रोत्यांना वाटणे स्वाभाविक आहे. ते ग्राह्य वाटत नाही. प्राचीन ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद तळटीपेत येतात, संहितेत नव्हे. या मिश्रणाचे स्थानही तसेच मानावे लागते. त्याचे महत्त्व असे, की त्यामुळे क्लिंटनने नेमके काय वगळले ते प्रथमच तुलनेने ऐकता येते. ध्वनिमुद्रण सुधारून नव्या वेष्टनात जुनाच माल विकण्याची प्रथा या व्यवसायात रूढ आहे. तिच्या मानाने ही आवृत्ती अभ्यासकाला खरोखर काही देते.

अशा पुनःप्रकाशनात मालकीचा प्रश्नही गुंतलेला असतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क व रचनेचा हक्क हे कायद्याने वेगळे आहेत आणि दोन्ही पुष्कळदा कलावंताकडे राहत नाहीत. वेस्टबाउंडचा संस्थापक आर्मेन बोलॅडियन याच्याच ब्रिजपोर्ट या प्रकाशनसंस्थेकडे क्लिंटनच्या अनेक गीतांचे हक्क असल्याचा निर्णय २००१ मध्ये फ्लॉरिडातील संघीय न्यायालयाने दिला. हिपहॉप संगीतात फंकाडेलिकच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे सर्रास वापरले गेल्याने या हक्कांची किंमत फार वाढली होती. ब्रिजपोर्टने भरलेल्या एका दाव्यात फंकाडेलिकच्या १९७५ च्या एका गीतातील सु. दोन सेकंदांचा गिटारचा तुकडाही परवान्याविना वापरता येणार नाही, असे संघीय अपील न्यायालयाने ठरविले. हा निर्णय प्रथम २००४ मध्ये व सुधारित स्वरूपात २००५ मध्ये दिला गेला. २०१६ मध्ये दुसऱ्या एका संघीय अपील न्यायालयाने त्याच्याशी असहमती दर्शविली. मॅगट ब्रेनची नवी आवृत्ती निघाली त्याच २००५ मध्ये, लॉस अँजेल्स येथील न्यायालयाने फंकाडेलिकच्या नंतरच्या काळातील चार ध्वनिमुद्रिकांच्या मूळ फितींची मालकी क्लिंटनकडे असल्याचे मान्य केले. वेस्टबाउंडने काढलेल्या ध्वनिमुद्रिकांचा त्या चारांत समावेश नव्हता.