जंगलतोडीनंतर झुडपांचं काय होतं?

रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. संगमेश्वर, चिपळूणकडे तोड झाली की आपण ऐन-किंजळ किती गेले ते मोजतो. झाडाखालच्या झुडपांचा हिशोब कुणीच ठेवत नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत खैर, ऐन, किंजळ आहेत. करवंद, कुडा नाहीत.

तोडीनंतर सगळीच झुडपं मरत नाहीत. डोक्यावरची सावली गेली की उन्हात रमणारी करवंद, कुडा उलट फोफावतात. ऐन-किंजळाच्या खुंटांनाही धुमारे येतात, म्हणून लांबून रान हिरवंच दिसतं. पण सावलीत, ओलाव्यात वाढणारी माकडलिंबू, सर्पगंधा यांसारखी झाडं मागे पडतात. पालापाचोळ्याचा थर सुकतो, पावसात माती वाहते. खुंट पुरते वाढायच्या आत पुन्हा कुऱ्हाड पडली, तर ही सावलीतली झाडं परतणार कधी?

मोकळ्या जागेत घुसते ती रानमोडी, मूळची अमेरिकेतली. ओळखायला सोपी: पानाच्या बुडाशी त्रिशूळासारख्या तीन ठळक शिरा, पान चुरडलं की उग्र वास. हिवाळ्यात फुलते, बारीक बिया वाऱ्यावर उडतात. उन्हाळ्यात वाळलेल्या काड्या वणव्याला आयतं सरपण होतात. वरचं जळलं तरी बुडखा पुन्हा फुटतो. इतर झाडांची कोवळी रोपं मात्र जळून जातात.

फरक बघायचा असेल तर जवळच्या देवराईत जा. आतली झुडपं बघा, मग बाहेरचा तोडलेला माळ बघा. आणि तुमच्या जागेत तोड होणार असेल, तर कामगारांना झुडपं सरसकट साफ करू देऊ नका, निदान वहाळाकाठची तरी राखा.