औषधाची वाट पाहताना
स्मृतिभ्रंश बरा करणारं औषध अजून नाही. २०२३मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब मेंदूत साचलेलं अमायलॉइड प्रथिन हटवतं. पण त्यानं अल्झायमर थांबत नाही, सुरुवातीच्या टप्प्यात थोडा मंदावतो इतकंच. म्हणून फिनलंडचा ‘फिंगर’ प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. ६० ते ७७ वयाच्या, धोका जास्त असलेल्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबावर देखरेख असं सगळं एकत्र दिलं. त्यांची आकलनशक्ती इतरांपेक्षा सरस राहिली. (स्मृतिभ्रंश टळतो, हे मात्र त्यातून सिद्ध झालेलं नाही.) कमी ऐकू येणं हाही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा एक घटक आहे, आणि आपण तो ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. घरातल्या आजी-आजोबांचे कान या महिन्यातच तपासून घ्या.