गिअरबॉक्स बांधला, तरी गाडी धक्के देते?

सांगली-मिरजेहून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करून जतला परतताना गाडी धक्के देऊ लागली, तर बॉक्स लगेच पुन्हा खोलू नका. या क्रमाने तपासून घ्या :

● ऑइल : कंपनीने सांगितलेलंच हवं. डिपस्टिक असल्यास पातळी बहुधा इंजिन चालू, ऑइल गरम आणि गाडी सपाटीवर असताना बघतात. पांढऱ्या फडक्यावर थेंब टाका. काळपट रंग, जळका वास म्हणजे क्लच प्लेटा जळताहेत.

● वायरिंग : सैल अर्थिंग, वाकलेली पिन, अशक्त बॅटरी.

● स्कॅनर : सोलेनॉइड आणि स्पीड सेन्सरचे कोड वाचा.

● जुनी सवय : कंप्युटर झिजलेल्या प्लेटांचा हिशोब धरून बसतो. तो रीसेट करून नव्याने शिकवावा लागतो.

● व्हॉल्व्ह बॉडी : ऑइल कूलर न धुतल्यास धातूचा जुना कीस परत येऊन व्हॉल्व्ह अडकतो.

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) वेगळी : 2014च्या सेलेरिओपासून रुळलेल्या या प्रकारात गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. क्लच बदलल्यावर कॅलिब्रेशन हवंच.

सावधान : इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही? तिथेच थांबा. गाडी दोरीने ओढू नका, चारही चाकं उचलून ट्रकवरून न्या.