आकाशांतून शेताचें अवेक्षण

शेताकडे धन्याचें लक्ष असावें, हा उपदेश आपल्याकडे नवा नाहीं. 'कृषिपराशर' या प्राचीन संस्कृत ग्रंथांत शेताच्या अवेक्षणास, म्हणजे जातीनें देखरेख करण्यास, मोठें महत्त्व दिलें आहे. परंतु हल्लीं वसईच्या कित्येक कुटुंबांत धनी नोकरीनिमित्त मुंबईस, वाडी निर्मळास किंवा आगाशीस, आणि सातबाऱ्यावर नांवें मात्र आठ-दहा, अशी स्थिति आहे. घरांतील तरुण मंडळी म्हणूं लागली आहेत कीं, "आतां उपग्रहावरून शेत दिसतें, मग जाण्याचें कारण काय?" या प्रश्नाचा थोडा विचार करूं.

हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. झाड रोगट झालें कीं हें परावर्तन घटतें. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक डॉ. पिशारोटी यांनीं १९७० च्या सुमारास केरळांतील नारळीच्या बागांचीं अवरक्त छायाचित्रें हेलिकॉप्टरमधून घेवविलीं, तेव्हां मुळांच्या विकारानें सुकत चाललेलीं झाडें त्यांत निराळीं ओळखूं आलीं. भारतांतील सुदूर संवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानतात.

मुंबई इलाख्यांतील जमीन इंग्रजी अमदानींत मोजली गेली ती ३३ फुटी सांखळीनें. त्या सांखळीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. आतां युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांच्या चित्रांतील सर्वांत लहान चौकट १० मीटर, म्हणजे सुमारें ३२ फूट १० इंच बाजूची आहे. आकाशांतील या मोजणीदाराची सांखळी जवळजवळ तीच! दर ५ दिवसांनीं तो पुन्हा येतो, आणि त्याचीं चित्रें कोणासहि विनामूल्य पाहतां येतात. एकरभर शेताच्या ४० चौकटींपैकीं दोन-चार फिक्या दिसल्या, तर खत किंवा औषध सर्वत्र न टाकतां तेवढ्याच जागीं टाकावें, हें या नेमक्या शेतीचें तत्त्व होय.

परंतु वसईस यांत दोन अडचणी आहेत. पहिली पावसाळ्याची. भात उभें असतें तेव्हां चित्रांत ढगच दिसतात. त्यावर उपाय रडारचा. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. लावणीच्या वेळीं साचलेल्या पाण्यामुळें खाचर त्यांत काळें दिसतें, आणि रोप वाढेल तसें उजळतें. भारत व अमेरिका यांनीं मिळून तयार केलेला, ३० जुलै २०२५ रोजीं सोडलेला 'निसार' हा याच जातीचा उपग्रह आहे.

दुसरी अडचण वाडीची. वर नारळी, तिच्या खालीं पोफळी, मग केळ, आणि आधारानें चढलेली नागवेल! एका गुंठ्यांत चार पिकें, आणि उपग्रह देतो तो त्या सर्वांचा मिळून एकच आंकडा. वरचीं झावळें हिरवीगार असलीं, कीं खालीं केळ मरत असली तरी कळत नाहीं. ड्रोन एकेक झाड निराळें दाखवितो खरा. पण झाडाखालचें त्यासहि दिसत नाहीं.

तथापि एक मोठा उपयोग आहे. पाणी अवरक्त किरण जवळजवळ सर्व गिळतें. त्यामुळें मोठें, उघडें बावखल चित्रांत काळें उठून दिसतें. पावसाचें पाणी जिरवून विहिरी गोड राखावयाच्या, हें बावखलाचें काम. समुद्रकांठच्या जमिनींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. उपसा वाढला आणि भरणा आटला, कीं खारें पाणी वर चढतें. निरनिराळ्या वर्षांचीं चित्रें ओळीनें मांडलीं, तर कोणतें बावखल बुजलें आणि त्याच्या आसपासच्या कोणत्या वाड्या पुढें फिक्या पडल्या, हें पडताळून पाहतां येईल.

तेव्हां तरुणांस उत्तर असें कीं, उपग्रह 'कोठें' हें सांगतो; 'कां' हें सांगत नाहीं. चौकट फिकी पडली ती रोगानें, खाऱ्या पाण्यानें, कीं शिंपण्याची पाळी चुकल्यानें, हें पान उलटून पाहिल्यावांचून आणि विहिरीचें पाणी जिभेवर घेतल्यावांचून कळणार नाहीं. पूर्वीं धन्यास सारी वाडी हिंडावी लागे. आतां दोन-चार गुंठे हिंडलें तरी पुष्कळ काम होईल. पण सातबाऱ्यावरील आठ-दहा नांवांपैकीं तेवढें हिंडणारा एक तरी पाहिजे. दिवाळीनंतर आकाश निवळतें. त्या वेळीं घरांतील मुलांनीं आपल्या वाडीचें चित्र काढावें, आणि वडील मंडळींनीं त्यांस बरोबर घेऊन फिक्या जागीं जाऊन यावें.