म्हाळसा महालाच्या उंबऱ्यावर

परतूरहून सिंदखेडराजाला जायचं तर जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे तीसेक किलोमीटर एसटी. जिल्हा बदलून बुलढाणा लागतो, पण आपल्या भागातल्या सहलींना हे गाव कधी परकं वाटलं नाही. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव यांच्या राजवाड्याचा दगडी दरवाजा ओलांडला की पोरी आपोआप हळू बोलायला लागतात.

जिजाऊंचा जन्म 12 जानेवारी 1598 चा, इथल्या म्हाळसा महालातला. महालाला आईचं नाव आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. जयंतीला पहाटे जाधवांचे वंशज पूजा करतात आणि मग दिवसभर मुंगी शिरायला जागा नसते. त्या दिवशी दर्शन होतं. वाडा पाहायचा तर आडवारी यावं.

रंगमहालात रंगपंचमीची गोष्ट हमखास सांगतात: लहानग्या जिजाऊ आणि शहाजींनी एकमेकांवर रंग उडवला आणि सोयरीक निघाली. बखरीतली ही गोष्ट गोड आहे. पण मुलींना तेवढंच सांगून परत नेऊ नये. त्यांना लखुजींच्या समाधीपाशी थांबवावं. 25 जुलै 1629 रोजी देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशहाच्या दरबारात, लखुजी मारले गेले. अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे गेले, नातू यशवंतरावही गेला. तेव्हा जिजाऊ पोटुशी होत्या. त्या घटनेनंतर सातव्या महिन्यात, 19 फेब्रुवारी 1630 ला, शिवनेरीवर शिवराय जन्मले. बाळंतपणाला माहेरची वाट पाहायच्या दिवसांत या बाईचं माहेरच उजाड झालं होतं. आपण तिला नेहमी मुलाच्या बाजूनं पाहतो. इथं तिला लेक म्हणून पाहता येतं, बहीण म्हणून पाहता येतं. सिंदखेडराजाला जायचं ते यासाठी.

गावातली पुतळा बारव चुकवू नये. भिंतींवर कोरलेल्या स्त्रियांच्या मूर्तींमुळे तिला हे नाव पडलं. पायऱ्या उतरताना कुणाची वेशभूषा कशी, हातात काय, हे मुलींनाच शोधू द्यावं.

दुसरी विहीर इथून फार लांब, रायगडाच्या पायथ्याशी जिजाऊंच्या पाचाडच्या वाड्यात आहे. शिवरायांचा राज्याभिषेक 6 जून 1674 चा. अकराच दिवसांनी, 17 जूनला, जिजाऊंचं पाचाडला निधन झालं. तिथल्या विहिरीवर टेकून बसायला दगडी तक्क्या आहे. आऊसाहेब त्यावर बसत, असं पाचाडची माणसं सांगतात.