येलांगची म्हण



आपण एखाद्याला 'विहिरीतला बेडूक' म्हणतो ना, तसाच बेडूक चीनच्या लोकांकडेही आहे. पण त्यांची अजून एक म्हण आहे, ती मला जास्त आवडली. ती फक्त चार अक्षरांची. 'ये लांग त्झ ता'. म्हंजे येलांग स्वतःलाच मोठा समजतो. ज्याला बाहेरचे काही ठाऊक नाही आणि तरी ऐट मारतो, त्याला तिकडे असे म्हणतात.

येलांग हे माणसाचे नाव नव्हे. ते डोंगरातले एक राज्य होते. आता तिथे चीनचा गुइचौ प्रांत आहे.

गंमत म्हणजे या गोष्टीत आपला देशपण आहे. चांग छिएन नावाचा चिनी प्रवासी पार अफगाणिस्तानच्या बाजूला गेला होता. तिथे त्याला चीनचेच कापड आणि बांबूच्या काठ्या दिसल्या! हे इथे आले कुठून? लोक म्हणाले, व्यापारी सिंधूच्या देशातून आणतात. म्हंजे आपल्याकडून. मग चीनहून इकडे यायला दुसरी वाट असणारच, असे त्याने वू सम्राटाला सांगितले. सम्राटाने इ. स. पूर्व १२२ मध्ये वाट शोधायला दूत धाडले. ते काही इथवर पोचले नाहीत. मधल्या लोकांनी वाट अडवली.

पण जाताना त्यांना त्येन नावाचे राज्य लागले. तिथल्या राजाने विचारले, तुमचे हान राज्य मोठे की आमचे? येलांगच्या सरदारानेही तेच विचारले. येलांगसारखी कितीतरी राज्ये हानच्या पोटात मावली असती.

आता बघा, आधी विचारले त्येनच्या राजाने आणि नाव चिकटले येलांगला! हा मला अन्याय वाटतो. त्येनच्या राजाला तर पुढे हानने सोन्याचा शिक्का दिला. तो १९५६ साली युन्नान प्रांतात जमिनीखाली सापडला.

ही हकिगत सिमा छिएन या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. कारणही त्यानेच दिले आहे. रस्ता नव्हता. येणेजाणे नाही, तर त्यांना हान केवढे ते कळणार कसे? आणि सरदाराने विचारलेच होते की! माहीत नसेल तो विचारणारच. वर्गात कुणी प्रश्न विचारला की मागून फिदीफिदी हसणारे काहीजण आहेत, त्यांनी हे दोनदा वाचावे.

पुढे येलांगचा सरदार स्वतः हानच्या दरबारात गेला. तिथे सम्राटाने त्याला येलांगचा राजा केले. हे मात्र म्हणीत येत नाही.